शेजारच्या शहराची ओळख

दूरचे ते पाहण्याजोगे आणि जवळचे ते नित्याचे, अशी एक समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. प्राथमिक शाळांच्या सहलींचा विचार होऊ लागला म्हणजे या समजुतीचा प्रत्यय येतो. समुद्रकिनारा, लेणी, एखादे दूरचे तीर्थक्षेत्र अशी नावे प्रथम पुढे येतात. वर्गणी जड होते, प्रवासात दोन रात्री जातात, आणि ज्यांच्या घरी ती वर्गणी देण्याची ऐपत नाही अशी चार-सहा मुले मागे राहतात. याच वेळी गावापासून तास-दीड तासाच्या वाटेवर असलेले शहर मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. ते शहर मुलांनी पाहिलेलेच आहे, असे गृहीत धरलेले असते.

वस्तुतः ते त्यांनी पाहिलेले नसते. खेड्यातील मूल शहरात जाते ते वडीलधाऱ्यांच्या कामासाठी. आजी आजारी पडली म्हणून ते दवाखान्यात जाते, जमिनीचा दाखला हवा म्हणून कचेरीच्या पायरीवर बसते, लग्नाचा बस्ता बांधावयाचा म्हणून कापडाच्या दुकानात तिष्ठते. एस. टी. स्थानक, औषधाचे दुकान आणि कचेरीतील बाक एवढीच त्याच्या लेखी शहराची व्याप्ती असते. तेथे त्याला कोणी काही विचारत नाही; त्याने मात्र हात धरून गप्प उभे राहावयाचे असते. शहर म्हणजे आपण जेथे परके आहोत अशी जागा, हा संस्कार अशा रीतीने लहानपणीच होतो आणि पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात पाऊल टाकताना तो पायात अडखळतो. हा संस्कार पुसण्याचे काम प्राथमिक शिक्षक करू शकतो. त्यासाठी फार पैसा लागत नाही. थोडी पूर्वतयारी लागते.

कोल्हापूर शहराचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. टाऊन हॉलच्या बागेतील वस्तुसंग्रहालय आणि छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ही समोरासमोर आहेत. रुग्णालयात आलेल्या आप्तांसाठी खेड्यांतील माणसे दिवसच्या दिवस तेथे थांबतात. परंतु रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीत डोकावणारा विरळा. अंतर पन्नास पावलांचे असले तरी ते कोणीतरी सोबत येऊन ओलांडवून द्यावे लागते.

एका सहलीस एक प्रश्न

शहर पाहण्याच्या कामी जो पहिला दोष घडतो तो म्हणजे सर्व काही एका दिवसात पाहण्याचा अट्टाहास. सकाळी देऊळ, मग राजवाडा, मग तलाव, मग पुन्हा बाजार, अशी धावपळ झाली की मुलांच्या स्मरणात केवळ गाडीतील जागा आणि दुपारचा डबा उरतो. तेव्हा शिक्षकाने एका सहलीस एकच प्रश्न बरोबर न्यावा. प्रश्न साधा असावा, मुलांच्या घरच्या अनुभवातून निघालेला असावा, आणि त्याचे उत्तर शहरात डोळ्यांनी पाहता यावे. पुढील वर्षी दुसरा प्रश्न. अशा रीतीने पहिलीत आलेले मूल चौथी संपवीपर्यंत शहराच्या तीन-चार वाटा त्याच्या पायाखालून जातात.

दुसरी गोष्ट आनंदाची. सहल हा परीक्षेचा प्रकार नव्हे. मुलांनी हिंडावे, हसावे, भेळ खावी, तलावाच्या काठी बसावे. आनंदात पाहिलेले चिरकाल टिकते. प्रश्न बरोबर न्यावयाचा तो एवढ्यासाठीच, की आनंदाला काहीतरी धरून राहावयास आधार मिळावा.

कोल्हापुरातील अशा चार वाटा पुढे दिल्या आहेत.

पहिली वाट : आपले पाणी पुढे कोठे जाते?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या व लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. हा संगम शहराजवळ प्रयाग चिखली येथे आहे. पश्चिमेकडील डोंगराळ भागातील कितीतरी गावांचे ओढे या नद्यांना मिळतात. तेव्हा अशा गावच्या मुलांना घाटावर उभे करून 'हे पाणी कोणाचे?' असे विचारले, तर 'आमच्या ओढ्याचे' हे उत्तर अक्षरशः खरे असते.

पंचगंगेच्या घाटावर पात्रात उभी असलेली लहान देवळे आहेत. उन्हाळ्यात मुले त्यांच्या भोवती फिरू शकतात. पावसाळ्यात तीच देवळे पाण्याखाली जातात. नदी किती चढते हे पुस्तकातील आकड्यांपेक्षा या देवळांच्या शिखरांवरून अधिक समजते. शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी फुटांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी होय. जुलै-ऑगस्टमध्ये हे दोन आकडे घरोघर ऐकू येतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर तर मुलांच्या घरांत आजही बोलण्याचा विषय असतात. ४३ फूट म्हणजे सुमारे १३ मीटर. शाळेच्या भिंतीची उंची मोजून अशा किती भिंती एकावर एक रचाव्या लागतील, हे गणित मुलांकडून आधी सोडवून घ्यावे आणि मगच त्यांना नदीकाठी न्यावे.

याच वाटेवर बंधाऱ्याची ओळख करून देता येते. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव महाराष्ट्रात सर्वदूर गेले आहे. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बरगे घालावयाचे, पाणी अडवावयाचे, आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यावयाचे, ही त्याची साधी युक्ती. पुराचे पाणी व गाळ मोकळेपणी निघून जातो आणि उन्हाळ्यासाठी पाणी राहते. असा बंधारा पुष्कळ मुलांनी गावाजवळ पाहिलेला असतो. आपल्या शिवारातील वस्तूस शहराचे नाव आहे, हे त्यांना प्रथमच कळते.

भोगावतीवरील राधानगरी धरण शहरापासून लांब आहे. तरी त्याची गोष्ट घाटावर सांगता येते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत त्याचे काम सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वास गेले. राधानगरी हे नाव महाराजांच्या कन्येवरून पडले. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबाने उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. पावसाळ्यात 'राधानगरीचे दरवाजे उघडले' ही बातमी येताच नदीकाठच्या गावांत गुरे सोडण्याची तयारी का सुरू होते, हे मग निराळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी वाट : सूर्य देवीच्या भेटीस वर्षातून दोनदा का येतो?

श्री महालक्ष्मीचे, अर्थात अंबाबाईचे, देऊळ कोणास ठाऊक नाही? मुले आईबापांबरोबर तेथे जाऊन आलेली असतात. परंतु दर्शनाच्या रांगेत मान वर करून पाहण्यास सवड नसते. हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांस आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या तारखांस मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून, गरुडमंडपातून आत येत गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. यालाच किरणोत्सव म्हणतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखावर किरण पडावेत, अशी त्याची परंपरा सांगितली जाते.

यात श्रद्धेचा भाग आहे तसा भूगोलाचाही आहे, आणि दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. सूर्य रोज एकाच ठिकाणी मावळत नाही. जूनच्या अखेरीपासून त्याची मावळतीची जागा हळूहळू दक्षिणेकडे सरकते; २१-२२ डिसेंबरच्या सुमारास ती दक्षिणेच्या टोकास जाते आणि तेथून परत फिरते. १० नोव्हेंबर हा दिवस या टोकाच्या सुमारे ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी हा जवळजवळ तितकेच दिवस नंतर. म्हणून दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावरील एकाच जागी मावळतो. एकदा जाताना आणि एकदा येताना. ज्यांनी हे देऊळ बांधले त्यांनी आकाशाकडे किती बारकाईने पाहिले असेल, याची कल्पना मुलांना यावरून येते.

याची पूर्वतयारी गावातच करता येते. शाळेच्या ओट्यावर एक जागा खडूने आखावी. तेथे उभे राहून सूर्य कोणत्या झाडामागे वा कोणत्या टेकडीच्या खांद्यावर मावळतो, ते १० नोव्हेंबर रोजी मुलांनी वहीत काढावे. डिसेंबरमध्ये पुन्हा काढावे. १ फेब्रुवारीस तिसऱ्यांदा. पहिले आणि तिसरे चित्र जुळले म्हणजे मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो पाठ्यपुस्तकातील आकृतीने क्वचितच दिसतो. किरणोत्सवाच्या दिवशी देवळात गर्दी फार असते. म्हणून लहान मुलांना त्या संध्याकाळी न नेता इतर दिवशी सकाळी न्यावे, आणि महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतची सरळ रेषा त्यांना स्वतः चालून पाहू द्यावी. किरणांच्या या वाटेत उंच बांधकामांचा अडथळा येतो, ही चर्चाही शहरात होत आली आहे. भिंत कोणाच्या उजेडाच्या आड येते हा विचार मुलांच्या मनात सहज पेरला जातो.

देवळानंतर टाऊन हॉल. ही इमारत मेजर मँट या स्थापत्यविशारदाच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या सुमारास उत्खनन झाले. तेथे मिळालेल्या वस्तूंच्या निमित्ताने १९४६ मध्ये कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय सुरू झाले आणि पुढे ते या इमारतीत आले. ब्रह्मपुरीवर सापडलेली एक लहानशी कांस्यमूर्ती सर्वांत प्रसिद्ध आहे. ती आहे पोसायडनची, म्हणजे ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची. सातवाहनकाळी कोकणातील बंदरे आणि सह्याद्रीचे घाट या मार्गाने पश्चिमेकडील देशांशी व्यापार चाले. त्या व्यापाराच्या ओघात समुद्रापलीकडचा देव पंचगंगेच्या काठी येऊन पोहोचला. संग्रहालयातील प्रत्येक वस्तूची पाटी मुलांना उतरवून घ्यावयास लावू नये. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडावी, तिच्यासमोर पाच मिनिटे उभे राहावे, आणि घरी जाऊन तिचे वर्णन आजीला सांगावे. एवढे पुरे.

तिसरी वाट : शहराच्या नावाची वस्तू कोठे तयार होते?

कोल्हापूरचा गूळ, कोल्हापुरी चप्पल ही नावे देशोदेशी गेली आहेत. गुळास २०१४ मध्ये आणि चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु गूळ शहरात होत नाही. तो गुऱ्हाळावर होतो. काहिलीखाली जाळ घालणारे, उकळत्या रसात भेंडीचे पाणी टाकून मळी काढणारे, पाक नेमका केव्हा उतरावयाचा हे जाणणारे गुळवे खेड्यांतलेच. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली आणि गुळास हक्काची बाजारपेठ मिळाली. आज सौदे मार्केट यार्डात होतात. आपल्या शिवारातील रवा सौद्यात कसा मांडला जातो, त्याचा रंग आणि कण पाहून भाव कसा ठरतो, हे मुलांनी एकदा तेथे उभे राहून पाहावे. घाम गावाचा आणि नाव शहराचे, ही गोष्ट त्यांना कोणी सांगावी लागणार नाही.

चपलेचेही तेच. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते. मग चपलेचे तळ, कान, अंगठा, वेणी असे एकेक अंग हाताने घडते. हे काम करणारे कारागीर शहराच्या काही वस्त्यांत आहेत, आसपासच्या खेड्यांत आहेत, तसेच सीमेपलीकडे कर्नाटकातही आहेत. शिवाजी चौकानजीकच्या चप्पल लाईनीत मुलांना दुकाने दिसतात. शक्य असल्यास एखाद्या कारागिराची आधी भेट घेऊन त्याचे हात काम करताना दाखवावेत. ज्या मुलांच्या घरी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांना वर्गात पुष्कळदा मान खाली घालून बसावे लागते. त्याच कामाचा लौकिक शहरात त्यांनी सर्वांसमक्ष पाहिला, तर ती मान वर होते. एका सहलीने एवढे साधले तरी ती सार्थकी लागली.

चौथी वाट : शाळा सर्वांची केव्हापासून झाली?

ही वाट दसरा चौकातून सुरू करावी. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे, आणि चौकाच्या आसपास निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या वसतिगृहांच्या वास्तू आहेत. शहरात त्यांना 'बोर्डिंग' म्हणतात. खेड्यातील हुशार मुलास शहरात शिकावयाचे तर राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे काय, हा प्रश्न त्या काळी शाळेच्या फीपेक्षाही बिकट होता. १९०१ पासून पुढे महाराजांच्या आश्रयाने व उत्तेजनाने मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य गणले गेलेले समाज आणि इतरही अनेकांसाठी अशी वसतिगृहे निघाली. कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

यांपैकी जैन बोर्डिंगात कुंभोज गावचा एक विद्यार्थी राहून गेला. तो पुढे कर्मवीर भाऊराव पाटील या नावाने महाराष्ट्रास परिचित झाला. १९१९ मध्ये त्याने रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि खेडोपाडी शाळा नेल्या. एक मूल खेड्यातून शहरात आले, आणि शहराकडून मिळाले ते शेकडो खेड्यांस परत देऊन गेले. मुलांना ही गोष्ट त्या वास्तूसमोर उभे करून सांगावी. 'येथे तुमच्यासारखाच एक मुलगा राहत होता' हे वाक्य वर्गातील भिंतींत निराळे ऐकू येते आणि तेथे निराळे.

१९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्यात आले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. त्या काळचा रुपया लहान नव्हता. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. या दोन वर्षांमधील अंतर मुलांनी पाटीवर वजाबाकी करून काढावे. वेळ असल्यास कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास पॅलेस हे महाराजांचे जन्मस्थळही पाहावे. त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला आणि ६ मे १९२२ रोजी, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, ते निवर्तले. मुले हा हिशेब करतात आणि आपल्या वडिलांच्या वयाशी तो ताडून पाहतात.

जवळचे तेही कायम नसते

महाराज १९०२ मध्ये युरोपच्या प्रवासास गेले असता त्यांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले. परतल्यावर कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. ते १९१२ साली पूर्ण झाले. मध्यभागी तांबड्या मातीचा हौद आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्याने मागील माणसासही कुस्ती स्वच्छ दिसते. मुलांना वरच्या पायरीवर बसवावे, एकास हौदाजवळ उभे करून बोलावयास सांगावे, आणि दिसते कसे व ऐकू येते कसे याचा अनुभव घेऊ द्यावा.

मैदानाला लागूनच नाट्यगृह आहे. ते १९१५ मध्ये पॅलेस थिएटर या नावाने सुरू झाले आणि पुढे त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवराव कोल्हापूरचेच. कित्येक पिढ्यांनी तेथे नाटके पाहिली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या वास्तूस आग लागली आणि तिचा फार मोठा भाग जळून गेला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. परंतु ज्या लाकडावर जुन्या नटांची पावले पडली ते लाकूड परत येणार नाही. 'पुढच्या वर्षी दाखवू' असे म्हणून ज्या शाळांनी ती वास्तू टाळली असेल, त्यांच्या मुलांस ती मूळ रूपात आता पाहता येणार नाही. १९०६ मध्ये स्थापन झालेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढीही आता वृद्ध झाली आहे. दूरचे पाहावयास आयुष्य पडले आहे असे म्हणता येते. जवळचे कायमच जवळ राहील असे मात्र नव्हे.

निकटचे शहर प्रत्येकाचे निराळे

सर्वांचे शेजारचे शहर कोल्हापूरच असेल असे नाही. शिरोळकडच्या मुलास सांगली-मिरज जवळ, चंदगडच्या मुलास बेळगाव जवळ, तर हातकणंगल्याच्या पुष्कळ गावांस इचलकरंजी जवळ. वाटा बदलतात, रीत तीच राहते. सांगलीत कृष्णेवरील १९२९ चा आयर्विन पूल आहे. तेथेही नदीची पातळी फुटांत मोजतात. ज्यांनी नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळताना पाहिली आहे, त्यांस दोन शहरांचे पूर एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे तेथे उमगते. मिरजेत सतार आणि तंबोरा घडविणारे कारागीर आहेत; शेतातील भोपळा वाद्य कसा होतो, हा प्रश्न तेथे न्यावा. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झाला. अंगातील सदऱ्याचे सूत उभे कोठे आणि आडवे कोठे, हे पाहत मुलांनी तेथे जावे. इतर जिल्ह्यांतील शिक्षकांस आपापल्या शहरांतील असे प्रश्न सहज सुचतील.

काही व्यावहारिक सूचना

सहलीच्या आधी शिक्षकाने स्वतः एकदा ती वाट चालून यावे. संग्रहालयाचा सुटीचा दिवस, पिण्याच्या पाण्याची व स्वच्छतागृहांची सोय, सावलीची जागा, रस्ता ओलांडण्याचे ठिकाण या गोष्टी तेव्हाच समजतात. वरिष्ठांची लेखी परवानगी व पालकांची संमती घ्यावी. एस. टी. च्या सवलतीची चौकशी आगारात आगाऊ करावी. दर दहा मुलांमागे एक प्रौढ माणूस असावा. मुली असतील तेथे शिक्षिका किंवा एखादी माता पालक अवश्य असावी. नदी व तलाव यांच्या काठी मुलांनी पाण्यात उतरू नये, हा नियम निघण्यापूर्वीच सांगावा आणि तेथे तो कसोशीने पाळावा.

सहलीचा खर्च असा बेतावा की कोणीही मूल पैशावाचून मागे राहू नये. जवळच्या शहराचा हाच मोठा लाभ आहे. भाकरी घरची, प्रवास थोड्या पैशांचा, मुक्काम नाही. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुले शाळेत येत असतील तर त्यांनाही बरोबर घ्यावे. ती चार महिन्यांची पाहुणी असली तरी या शहराच्या गुळात आणि साखरेत त्यांच्या आईबापांचे कष्ट मिसळलेले आहेत.

परत आल्यावर लगेच निबंध लिहावयास सांगू नये. दोन दिवस जाऊ द्यावेत. मुले आपण होऊन जे बोलतील ते शिक्षकाने फक्त ऐकावे व टिपून ठेवावे. मग मोठ्या कागदावर सर्वांनी मिळून शहराचा नकाशा काढावा. त्यात एस. टी. स्थानक असू द्यावे, दवाखाना असू द्यावा, कचेरीही असू द्यावी; त्या पूर्वीपासून मुलांच्या ओळखीच्या आहेत. आता त्यांच्या शेजारी घाट येईल, देवळापर्यंतची किरणांची रेषा येईल, पोसायडन येईल, भाऊरावांचे बोर्डिंग येईल. गाव ते शहर हा रस्ता नकाशात ठळक काढावा आणि नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवावा. पुढील वर्षी दुसरी वाट चालून झाली की तिच्या खुणा त्यावरच वाढवाव्यात.

मग केव्हातरी त्यांतील एखादे मूल पुन्हा आजीबरोबर रुग्णालयात जाईल. औषधास वेळ आहे असे पाहून ते आजीला म्हणेल, 'आजी, समोर चल, तुला एक देव दाखवतो.' शहर दाखविणारा त्या दिवशी तोच असेल. एवढे घडले की शिक्षकाचे काम झाले असे समजावे.